खंडेनवमीचं पिस्तूल

खंडेनवमीच्या सकाळी मल्लेश्वरमच्या घरात फक्त दोन गोष्टींवर एकमत होतं. एक, यंदा कोहळा झकास मिळाला होता. आणि दुसरी, आरती होईपर्यंत पिस्तुलाचं नाव कोणी काढायचं नाही. ही दुसरी अट जमनाबाईंनी घातली होती, आणि या थोरल्या बहिणीपुढे दोन्ही भाऊ पन्नाशी-पस्तिशीतही नाक मुठीत धरून असत. अख्खी दुनिया दसऱ्याला म्हैसूरला जायची, तेव्हा जमनाबाई म्हैसूरहून निघून बंगळूरला यायच्या. तिथं हत्ती बघायला मिळतात आणि इथं माझे भाऊ, माझी करमणूक दोन्हीकडे सारखीच होते, असं त्या चारचौघांत म्हणत.

हेमलता स्वयंपाकघरात नारळ खोवत होती आणि कान मधल्या खोलीकडे होते. तिथं तिचा नवरा प्रतापराव आणि थोरले दीर खंडोजी, ज्यांना सगळं घर अण्णा म्हणे, शेजारीशेजारी बसून तलवारीला तेल लावत होते आणि एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हते. तलवार मात्र लख्ख झाली होती.

दसरा झाला की हेमलता, प्रतापराव आणि चार वर्षांची तानू येलहंक्याच्या द्राक्षमळ्यात राहायला जाणार होती. मळा घरचाच, आणि तिथं तीन खोल्यांचं घर गेल्या वर्षीच बांधून तयार झालं होतं. सहा वर्षं हेमलता या दिवसाची वाट बघत होती. जाऊबाई वाईट नव्हत्या, दीर तर कधी आवाज चढवून बोलले नव्हते; पण डाळीला फोडणी कशाची द्यायची हेसुद्धा आपल्याला विचारावं लागू नये, एवढी साधी हौस कोणत्या बाईला नसते? निपाणीहून लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिनं मनात एक चूल मांडून ठेवली होती.

पण श्रावणात शेजारच्या मळ्यावर दरोडा पडला. राखणदाराला झाडाला बांधलं आणि घरातलं सगळं धुऊन नेलं. त्यानंतर प्रतापरावांनी परवाना काढला आणि दंडूतल्या, म्हणजे इंग्रजांच्या जुन्या छावणीतल्या, एका दुकानातून पिस्तूल आणलं. कोरं करकरीत, परदेशी, तळहातात मावेल एवढं. कोटाच्या खिशात टाकलं तर दिसायचंसुद्धा नाही. आणि हे त्यांनी अण्णांना न विचारता आणलं. अण्णांनी सव्वीस वर्षं महाराजांच्या घोडदळात हत्यारं दुरुस्त केली होती. घरात वैद्य असताना बाजारातून पुडी बांधून आणावी तसाच हा प्रकार झाला.

अण्णा त्या दिवशी काही बोलले नाहीत. गेल्या रविवारी मात्र ते आपण होऊन मळ्यावर गेले. मातीच्या बांधावर प्रतापरावांनी सात गोळ्या झाडायचं ठरवलं. तिसरी झाडल्यावर रिकामं काडतूस आतच अडकलं. पाचवी उडालीच नाही. सहावीला पुन्हा अडकलं.

"नवं आहे, अण्णा," प्रतापराव म्हणाले. "नवी चप्पलपण आठवडाभर चावते की."

"चप्पल पायाला चावते," अण्णा म्हणाले, आणि पिस्तूल मागून घेऊन घरी आले.

काल दुपारी त्यांनी तानूची पाटीवरची पेन्सिल मागितली होती. पिस्तूल रिकामं केलं, दोनदा बघितलं, नळी छताकडे धरली आणि पेन्सिल नळीत सोडली. सेफ्टीचा खटका वर केला, म्हणजे पिस्तूल बंद. चाप ओढला. काही झालं नाही. व्हायलाही नको होतं. मग चाप सोडून दिला आणि नुसता खटका खाली केला. टक् असा आवाज झाला आणि पेन्सिल नळीतून उडून खाली पडली.

"बघितलंस?" अण्णा म्हणाले. "चापाला बोट नाही, तरी आतली सुई सुटली. बंद असताना कोणी चाप ओढला असेल, तर पुढं खटका काढताक्षणी गोळी सुटणार. हा खटका राखण करत नाही, नुसता उधारी ठेवतो."

"पुन्हा करून दाखवा," प्रतापराव म्हणाले.

अण्णांनी पुन्हा केलं. पेन्सिल जागची हलली नाही. पुन्हा केलं. नाही हलली. चौथ्यांदाही नाही. प्रतापराव हसले, आणि ते हसणं अण्णांना लागलं.

"चारांत एकदाच होत असेल, प्रताप. पण त्या चारांतली ती एक कुठली, ते तुला कळणार नाही."

"तुम्हाला आम्ही येलहंक्याला जायला नको आहे," प्रतापराव म्हणाले होते. "सरळ तसं म्हणा. त्या लोखंडाच्या नावानं कशाला म्हणता?"

हेमलता तेव्हा दाराआड उभी होती. नवऱ्यानं आपल्याच मनातलं बोलून दाखवलं म्हणून तिला बरं वाटलं, हे खरं सांगायला हवं. जमनाबाईंनीही रात्री जेवताना प्रतापरावांची बाजू घेतली: खंडूला सगळ्यातच खोट दिसते, माझ्या नवऱ्याच्या घड्याळातपण दिसली होती. सोयराबाई, अण्णांच्या पत्नी, हेमलतेच्या जाऊबाई, तेवढ्या काही बोलल्या नाहीत. त्या नुसत्या ताटातल्या भाताकडे बघत होत्या.

"हेमा, खोवून झालं का गे?" सोयराबाईंनी आत डोकावून विचारलं. "स्वल्प घाई कर. मांडणी झाली माझी."

"झालंच, अक्का."

मधल्या खोलीत भवानीच्या तसबिरीपुढे लाल कापड अंथरलं होतं. त्यावर पणजोबांची तलवार, अण्णांची दुनळी बंदूक, त्यांच्या कानशी आणि पकडी, सोयराबाईंची विळी, हेमलतेचं शिवणयंत्र, तानूची पाटी, आणि या सगळ्यांच्या मधोमध ते पिस्तूल. प्रतापरावांनी सकाळी सगळ्यांदेखत मॅगझिन काढून नळी रिकामी करून दाखवली होती, अण्णांनीही बोट घालून खात्री केली होती. मॅगझिन बाजूला तबकात ठेवलं होतं. मग सगळे आंघोळीला गेले आणि सोयराबाई एकट्या बसून झेंडूच्या माळा घालत होत्या. उजव्या हाताला भाताचं पोतं उभं करून त्याच्यापुढं तो कोहळा ठेवला होता, पूजेनंतर दारात फोडायचा म्हणून. चांगला दहा शेराचा, अंगावर पांढरी पिठी असलेला.

आरती झाली. जमनाबाईंनी दोन्ही भावांना कुंकू लावलं. इथपर्यंत अट पाळली गेली. पण आरती संपली म्हणजे अटही संपली, असा प्रतापरावांनी हिशेब केला असावा. त्यांनी वाकून पिस्तूल उचललं, त्याच्यावरची झेंडूची पाकळी झटकली आणि म्हणाले, "जमनाक्का, तूच बघ आता. तूच न्याय कर. हा खटका वर आहे. सरी? ठीक? हा मी चाप ओढतो."

"प्रताप," अण्णा म्हणाले.

"रिकामं आहे, अण्णा. तुम्हीच बोट घालून बघितलंय." चाप ओढला गेला. काही झालं नाही. "झालं काही? आता मी खटका खाली करतो, आणि..."

"बोलायचं ते बोल, नळी आधी फिरव."

"रिकाम्या पिस्तुलाची?"

नळी स्वयंपाकघराच्या दाराकडे होती. दारात तानू उभी होती, प्रसादाची वाटी दोन्ही हातांत धरून. तिचा भांग हेमलतेनंच सकाळी पाडला होता. पुढं कित्येक वर्षं हेमलतेला एवढंच आठवायचं, की ती नळी आणि तो भांग एका रेषेत होते आणि ते आपल्याला दिसत असूनही आपण गप्प उभ्या होतो, कारण पिस्तूल रिकामं होतं हे सगळ्यांना माहीत होतं.

अण्णा उठले. त्या वयाच्या माणसाला इतक्या चटकन उठता येतं हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी धाकट्या भावाचं मनगट धरलं आणि लहान पोराच्या हातातली काठी वळवावी तसं ते उजवीकडे वळवलं. प्रतापराव चिडले. त्या चिडीतच त्यांच्या अंगठ्यानं खटका खाली केला.

आवाज असा झाला की तसबिरीची काच थरथरली. मग काही क्षण कोणालाच काही ऐकू येईना. जळल्या दारूचा वास कापराच्या वासात मिसळला. तानूच्या हातची वाटी पडली आणि तिनं भोकाड पसरलं, आणि ते भोकाड ऐकून हेमलतेला कळलं की आपली पोर जिवंत आहे.

ती धावली. तिनं तानूचं डोकं, गळा, पोट, पाठ, सगळं चाचपून बघितलं, पुन्हा बघितलं. साखरफुटाण्यांखेरीज पोरीच्या अंगावर काही नव्हतं. मग ती तिथंच उंबऱ्यावर पोरीला पोटाशी धरून बसली.

कोहळ्याला बरोबर मधोमध करंगळी जाईल एवढं भोक पडलं होतं. त्यातून पाणी झिरपत होतं.

"आई भवानी!" जमनाबाईंनी कानांवरचे हात काढून जोडले. "तिनं आपला बळी आपल्या हातानं घेतला गे! तिनं राखलं!"

प्रतापरावांचा हात अजून अण्णांच्या मुठीत होता. अण्णांनी त्यांच्या बोटांमधून पिस्तूल सोडवलं, एकेक बोट हळूच उलगडून. अडकलेलं काडतूस काढलं, पुन्हा नळी बघितली आणि पिस्तूल भाताच्या पोत्यावर ठेवलं. मग त्यांनी धाकट्या भावाला खांदा धरून खाली बसवलं, कारण प्रतापरावांना आपण होऊन बसता येत नव्हतं.

"रिकामं होतं," प्रतापराव म्हणत होते. "अण्णा, तुम्ही बघितलं होतं. रिकामं होतं. मी तानूला... रिकामं होतं."

"होतं," अण्णा म्हणाले. "सकाळी आठ वाजता होतं."

खोलीतल्या मोठ्या माणसांनी एकेक करून एकमेकांकडे बघितलं. सगळ्यांची नजर शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबली. सोयराबाई तबकापाशी उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा कोहळ्यासारखा पांढरा पडला होता.

"मी भरलं," त्या म्हणाल्या.

त्यांनी तबकातल्या मॅगझिनकडे बोट दाखवलं.

"मामंजींनी मला सांगितलं होतं, लग्न होऊन आले तेव्हा. देवीपुढं तलवार म्यानात मांडायची नाही आणि बंदूक रिकामी मांडायची नाही. रिकामं हत्यार ठेवलं तर घर वर्षभर उघडं पडतं. ही दोघं येलहंक्याला एकटी राहणार. पोरगी लहान. मला वाटलं, यांच्या पिस्तुलाला तरी देवीचा हात लागू दे." त्या अण्णांकडे वळल्या. "ते मॅगझिन घातलं, वरचं लोखंड ओढलं, एक आत गेली. मग मॅगझिन पुन्हा काढून होतं तसं ठेवलं. आणि खटका वर केला! खटका मी वर केला होता, अहो! तुम्हीच शिकवलंय ना मला, खटका वर असला की भीती नाही?"

आता प्रतापरावांना वाचा फुटली, आणि ती भलत्याच दिशेनं फुटली. "म्हणजे तुमच्या घरातून, अण्णा! आठ दिवस मला शहाणपण शिकवता, आणि तुमच्याच बायकोनं..."

"प्रताप, तोंड आवर," जमनाबाई म्हणाल्या. काल रात्री त्या ज्याच्या बाजूनं होत्या त्याच्याकडे आता त्या बघतसुद्धा नव्हत्या. "बोटं तुझी होती."

"पण गोळी..."

"धड पिस्तूल असतं तर ती गोळी वर्षभर आत राहिली असती तरी सुटली नसती," अण्णा म्हणाले. "तिचा भरवसा खटक्यावर होता. खटक्यावर भरवसा ठेवणं ही चूक नव्हे. तो भरवशाचा नव्हता, हे मला कळलं होतं आणि तिला मी समजावून सांगितलं नाही. तुम्हा दोघांशी वाद घालत बसलो, आणि जिला हात लावायचा होता तिला सांगायचं राहिलं."

 मग एकदम त्यांच्या कपाळावर आठी पडली. ते बायकोकडे वळले आणि अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आणि माझी दुनळी?"

सोयराबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं.

"सोयरा."

"तिच्यात पण."

"कधीपासून?"

"मामंजी गेले तेव्हापासून. तुम्ही रिकामी मांडायला लागलात ना... दर नवमीला एक घालते आणि दसऱ्याला पहाटे तुम्ही उठायच्या आत काढून ठेवते."

अण्णा उठले, दुनळी उचलली, नळी खाली धरून ती मधून मोडून उघडली. उजव्या नळीत लाल काडतूस बसलेलं होतं. त्यांनी ते काढून हातात घेतलं आणि त्याच्याकडे बघत राहिले. सव्वीस वर्षांच्या नोकरीत ज्या माणसानं एक भरलेलं हत्यार नजरेतून सुटू दिलं नव्हतं, त्याच्या स्वतःच्या देवापुढं बावीस वर्षं दर नवमीला भरलेली बंदूक होती. तिच्याभोवती जमनाबाईंची पोरं खेळली होती. प्रतापरावांचं लग्न ठरलं ते याच खोलीत, याच दिवशी, तिच्या नळीपासून हातभर अंतरावर.

"बावीस," अण्णा म्हणाले, आणि भिंतीला टेकून खाली बसले.

प्रतापराव थोरल्या भावाकडे बघत होते. तावातावानं बोलायला आता चांगली संधी होती, आणि हेमलतेला भीती वाटली की ते ती साधतील. पण प्रतापराव गुडघ्यांवर सरकत भावाजवळ गेले, त्यांनी भावाच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पस्तीस वर्षांचा तो माणूस तानूपेक्षा मोठ्यानं रडू लागला.

"चुकलं, अण्णा. तुम्ही हात धरला नसता तर..."

"मी धरला. आता तो विषय पुरे." अण्णांचा हात भावाच्या केसांवरून फिरत होता. "परवा दोघं मिळून दंडूला जाऊ. दुकानदारापुढं ती पेन्सिल उडवून दाखवू. दहा वेळा करायला लागली तर दहा वेळा करू. हे असलं दुसऱ्या कोणाच्या घरी जाता कामा नये."

"देवीचीच कृपा," जमनाबाई पुन्हा म्हणाल्या आणि कोहळ्याला हळदकुंकू लावायला वाकल्या.

हेमलता उंबऱ्यावरून हे सगळं बघत होती. देवीची कृपा तिला मान्यच होती, देवीशी तिचं भांडण नव्हतं. पण वळलेलं मनगट तिनं आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं. आठ दिवस ती मनातल्या मनात या माणसाला दूषणं देत होती. आपली चूल त्याला बघवत नाही असं म्हणत होती. आणि तिची पोर आत्ता तिच्या मांडीवर हुंदके देत साखरफुटाणा चघळत होती, ती त्याच माणसामुळे. 

त्या घरात धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. सहा वर्षांत हेमलतेनं अण्णांना जे काही सांगितलं ते जाऊबाईंमार्फत, नाहीतर तानूचं नाव करून. ती उठली, तानूला कडेवर घेऊन पुढं आली, आणि डोक्यावरचा पदर सावरायचाही विसरून तिनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"अण्णा," ती म्हणाली. पुढं काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. "माझी पोर तुम्ही मला दिलीत. मी तुमच्याविषयी नको ते मनात आणलं. मला वाटत होतं, आम्ही जाऊ नये म्हणून तुम्ही पिस्तुलात खोट काढताय."

जमनाबाईंचा हळदकुंकवाचा हात मध्येच थांबला. सोयराबाईंनी रडणं थांबवून वर बघितलं. अण्णा गोंधळले. त्यांनी आधी बायकोकडे बघितलं, मग समोर उभ्या असलेल्या भावजयीकडे, पण तिच्या चेहऱ्याकडे नव्हे, तानूच्या पायातल्या वाळ्यांकडे.

"तुला वाटलं ते सगळंच खोटं नव्हतं, बाळ," ते म्हणाले. "खोट तर होतीच. पण ती सापडली तेव्हा मला आनंदही झाला होता. वाटलं, बरं झालं, आता जाणार नाहीत. हे घर तानूवाचून... असो. म्हातारपणी माणूस असा होतो." त्यांनी नाक पुसलं. "तुम्ही जा. ठरल्याप्रमाणे जा. पिस्तूल काय, दुसरं बघून देईन. तोवर माझी दुनळी आहे, मी आणि ही चार दिवस येऊन राहतो तुमच्याकडं, तुमची काही हरकत नसली तर."

"चार दिवस नको," हेमलता म्हणाली.

अण्णांनी मान खाली घातली. "सरी," ते हळूच म्हणाले.

"द्राक्षं उतरेपर्यंत राहा."